शिवणीची माया

परवा लेकीच्या शिवणकामाच्या वहीत 'चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडावी' असं वाचलं, आणि मला मोहाडीच्या कमलमावशी आठवल्या.

त्या आमच्या शेजारी राहायच्या. त्यांचे यजमान विणकर होते. ते गेल्यावर मागावरचं शेवटचं कापड मावशींनी जपून ठेवलं होतं. लेक बाळंतपणाला आली तेव्हा त्या मायलेकरांसाठी त्याची गोधडी करायची ठरली.

"तू अकरावीत हायेस, तुले गणित येते. मोजून काप. तुह्या काकाच्या हातचं आता एवढंच उरलं हाय," त्या म्हणाल्या.

कापडाला अजून खळीचा वास होता. मी पाच फूट रुंदी धरली, एका ओळीत दहा इंचांचे सहा चौकोन मांडले आणि ऐटीत कात्री चालवली.

शिवून झाल्यावर गोधडी अर्धा फूट कमी भरली. शिवणीत जाणारं कापड, म्हणजे माया, मी धरलीच नव्हती. पाहताक्षणी मला ते कळलं. तरी तोंडातून निघालं, "मावशी, तुमीच शिवणीत जास्त घेतलं."

मावशींनी टाक्यांवरून हात फिरवला. "असन बाई. आता दिसत नाही मले बराबर."

आठवडाभर त्या टाके उसवून, शिवण बारीक धरून पुन्हा शिवत बसल्या. रुंदी जेमतेम दोन बोटं वाढली.

गल्लीतल्या प्रत्येक बाळाची गोधडी तोवर त्यांनीच शिवली होती. त्यानंतर कोणी जुनं लुगडं घेऊन आलं की त्या परत पाठवायच्या. "पोरीचा हिशेब बराबर होता, माहेच डोळे गेले," असं माझ्यादेखत सांगायच्या. चूक माझी होती, हे मी कधीच सांगितलं नाही.