उमेदवार क्रमांक दोनशे सतरा

माझ्यात ख्रिस्तासारखा स्वभाव यावा म्हणून माझ्या बायकोने पोस्टाने धडे मागवले होते.

निमित्त रेडिओचं झालं. नागपुरात गांधीबागेजवळच्या आमच्या दोन खोल्यांत स्टेशन नीट लागेना, म्हणून मी त्याला एक बुक्की मारली. (रेडिओ सासऱ्यांनी दिलेला होता, हे बुक्की मारताना माझ्या डोक्यात नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.) पुढच्या महिन्यात गुलाबी पुस्तिकांचं पुडकं घरी आलं. एकूण बारा धडे होते: नम्रता, सौम्यता, क्षमा, सहनशीलता वगैरे. धडा वाचायचा, प्रश्नांची उत्तरं लिहायची आणि दूरच्या एका शहरातल्या केंद्राकडे पाठवायची.

"अवो, फुकट आहे," रूथ म्हणाली. "तिकिटाचा खर्च तेवढा आपला. अन् बाबाले सांगू नका. म्हणतील, जावयाले आता शिकवा लागते."

उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नसे, फक्त क्रमांक. माझा दोनशे सतरा. मोकळ्या मनाने लिहिता यावं म्हणून तशी सोय होती. तीन धडे मी निमूटपणे लिहिले. चौथ्या धड्यात, म्हणजे सहनशीलतेच्या, पाचवा प्रश्न असा होता: 'तुमच्या सहनशीलतेची सर्वांत कठीण परीक्षा कोण घेते? प्रामाणिकपणे लिहा.'

उत्तरासाठी तीन ओळी सोडल्या होत्या. मी चार फुलस्केप कागद जोडले!

माझे सासरे शमुवेल मास्तर नागपूरजवळ खाप्याला हेडमास्तर होते. निवृत्त होऊन शहरातल्या महाल भागात राहायला आले, पण हेडमास्तरकी खाप्याला ठेवून आले नाहीत. दर रविवारी उपासना आटोपली की आमच्याकडे जेवायला यायचे. आल्या आल्या माझ्या सायकलचे ब्रेक दाबून बघायचे. मग मी डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना करत असताना, मध्येच, माझं व्याकरण दुरुस्त करायचे! एकदा 'आमेन' म्हणायच्या आत मी तेच वाक्य तीनदा देवाला ऐकवलं होतं. आणि मटणाच्या रश्श्यात कलेजीचा तुकडा माझ्या वाटीत दिसला, की "जावईबुवा, तुमचं पोट नाजूक आहे जी," म्हणून तो स्वतःच्या वाटीत घ्यायचे. हे सगळं मी लिहिलं. कलेजीवर एक अख्खं पान लिहिलं. दोन ठिकाणी त्यांचा उल्लेख 'खाप्याचा गव्हर्नर' असा केला. पाकीट पेटीत टाकलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की दोन आठवडे मी रेडिओशीसुद्धा सभ्यपणे वागलो.

मग तो रविवार आला. मामाजी (सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे) जेवता जेवता म्हणाले, "रूथ, त्या पोस्टाच्या धड्यांचं केंद्र आहे ना, त्यायनं नागपूरचे पेपर तपासायचं काम मले देलं. वीस पेपर काल आले. चौथा धडा आहे म्हणते."

मी तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला. रूथने माझ्याकडे पाहिलं. चार पानांत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा बघून तिने अंदाज बांधला असावा, कारण तिनेही घास खाली ठेवला.

"कधी तपासता?" मी विचारलं.

"उद्या दुपारी बसतो."

त्यानंतरचे चोवीस तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. मामाजींनी कोणावर हात उगारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ते फक्त चष्मा काढून बघायचे. त्या बघण्याने खाप्यातल्या दोन पिढ्या सरळ झाल्या होत्या. शिवाय रूथ त्यांची एकुलती एक. उद्या ते म्हणाले, 'या माणसाच्या घरी मी पाऊल ठेवणार नाही,' तर तिने कोणाकडे बघायचं? सोमवारी हाफ डे टाकून मी महालाकडे सायकल मारली. रस्ता मोकळा असतानाही सारखी घंटी वाजवत होतो.

"या जी जावईबुवा! बरे आले. तुम्ही वाचा, मी मार्क देतो."

वीस पेपर क्रमाने लावलेले होते. माझा सहावा. जाडीवरून लांबूनच ओळखू येत होता.

दोनशे तीनने जावेबद्दल लिहिलं होतं. दोनशे आठने शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल. "कोंबडा काय व्यक्ती आहे का जी?" म्हणत मामाजींनी लाल पेनाने दोन मार्क कापले. पाचवा पेपर मी इतका हळू वाचला, की ते म्हणाले, "डोळे तपासून घ्या." मला दरदरून घाम फुटला.

"मामाजी, पाणी..."

ते आत गेले. मी सहावा पेपर उचलला आणि शर्टात खुपसला!

आता फुलस्केप कागदाची एक खोड आहे. तो छातीशी धरला की प्रत्येक श्वासाला बोलतो.

"हे कसलं खरखर होऊन राहिलं?" मामाजींनी पाण्याचा गडवा खाली ठेवत विचारलं.

"माझी... छाती. कफ झालाय."

"अरे बाप रे! मले काहून नाही सांगितलं?" त्यांनी आत हाक मारली, "अवं, आयकलं का? तेल गरम कर! जावईबुवाची छाती भरली. शर्ट काढा जी तुम्ही."

"नको, नको!"

"लाजता काय? मी काय परका आहो?" असं म्हणत त्यांनी माझं वरचं बटण काढलंसुद्धा! दुसऱ्या बटणाखाली खाप्याचा गव्हर्नर होता. सासूबाई वाफाळतं तेल घेऊन दारात उभ्या. मी दोन्ही हातांनी छाती आवळली, "ऑफिस!" असं ओरडलो आणि चप्पल न घालता सायकलवर बसलो. घरी पोचेपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ते चारही कागद शेगडीत घातले आणि राख होईपर्यंत तिथून हललो नाही.

वाटलं, सुटलो. पण पुढच्या रविवारी मामाजी जेवायलाच आले नाहीत. रूथ महालात जाऊन आली ती डोळे पुसत.

"एक पेपर हरवला म्हणते त्यायच्या हातून. आख्ख्या नोकरीत कधी एक कागद गेला नाही, अन् आता देवाच्या कामात गेला म्हणते. दोन दिवसांपासून जेवले नाहीत. केंद्राले राजीनामा धाडला." मग तिने माझ्याकडे बघितलं. "अवो, तुम्ही काही केलं नाही ना?"

"मी? मी काय करणार?" मी म्हणालो. (सत्यवचन हा सातवा धडा होता. तिथवर मी पोचलो नव्हतो.)

पण मला फार वाईट वाटलं. दोन दिवस उपाशी राहिलेला तो म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. सुदैवाने केंद्राने त्यांचा राजीनामा घेतला नाही. उलट दोनशे सतराला, म्हणजे मलाच, कार्ड आलं: आपली उत्तरपत्रिका गहाळ झाली, क्षमा असावी, पुन्हा लिहून पाठवावी.

मी ऑफिसच्या मराठी टाइपरायटरवर बसलो. अक्षर ओळखू यायला नको! पाचव्या प्रश्नाला लिहिलं की माझी परीक्षा घेणारं जगात कोणी नाही. सगळे चांगले, आणि सर्वांत चांगले माझे सासरे. प्रेमळ, मितभाषी, जेवणात कधी ढवळाढवळ नाही. वाचताना माझेच डोळे पाणावले.

पेपर मिळाला तसे मामाजी रविवारी पुन्हा आमच्याकडे जेवायला आले. त्या रविवारी त्यांनी माझीच कलेजी खाल्ली आणि मला ती खाताना बघून बरं वाटलं!

पंधरा दिवसांनी केंद्राकडून पाकीट आलं. पाचव्या प्रश्नापुढे लाल शून्य होतं आणि खाली मामाजींचं ते वळणदार अक्षर:

'असा सासरा या पृथ्वीवर नाही. मी स्वतः सासरा आहे आणि माझा जावई माझे किती सोसतो ते मला ठाऊक आहे. आपण कोणाला तरी भिऊन लिहिलेले दिसते. भिऊ नका. खरे लिहून पुन्हा पाठवा. मी वाट पाहीन.'

रूथने ते मोठ्याने वाचलं आणि टेबलावर टाक आणि कोरा कागद आणून ठेवला.

मी बसलो. मामाजी असेपर्यंत कितीदा तरी बसलो. दर वर्षी केंद्राचं कार्ड यायचं, की तपासनीस आपल्या चौथ्या धड्याची अजून वाट पाहत आहेत. तेच तपासनीस रविवारी माझ्या समोर बसून विचारायचे, "त्या दोनशे सतराचं काय अडून राहिलं असेल जी?" आणि मी म्हणायचो, "भित्रा असेल मामाजी. तुम्ही कलेजी घ्या."