मेधाने घाव घोड्यावर ढकलला नाही

मित्रांनो, आज दुपारी आमच्या ओटीवर जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दर रविवारी आम्ही चौघे फासे आणि कागद घेऊन काल्पनिक राज्यातल्या मोहिमा खेळतो. गोष्ट मी चालवतो. शाळेत शिकवणारी मेधा तीन वर्षं एकाच घोडेस्वाराची भूमिका करत होती.

आज पुलावरच्या लढाईत राक्षसाचा भाला तिच्या स्वारावर आला. घाव जीवघेणा होता. आमच्या नियमाप्रमाणे स्वाराला तो घोड्यावर ढकलता येतो. मीच तिला आठवण करून दिली.

"अगो, विचार कसला करतेस?" आमचा बागायतदार सुधीर म्हणाला. "पुढच्या गावात दुसरा घोडा घे."

"बागेत वानरांमागे धावणारा तुझा कुत्रा असाच मरायला देशील काय रे?" मेधा म्हणाली.

मेधाने आपला कागद माझ्यापुढे सरकवला. "घोडा कुठे लिहायला लावलास, बघ."

सामानाच्या यादीत, दोर आणि कंदिलाच्या मधे. सगळ्यांना तसं मीच शिकवलं होतं.

"घाव मी घेते," ती म्हणाली. स्वार मेला.

मी इतिहासावर व्याख्यानं देतो; घोडदळाच्या शौर्यावर व्यासपीठावरून तासन्‌तास बोललो आहे. पण स्वार लढाई स्वतः निवडतो आणि घोडा केवळ त्याच्या विश्वासावर पुढे जातो, हे एकदाही बोललो नाही. त्या विश्वासाची ढाल करणं मला आता खेळातही मान्य नाही. तो नियम मी खोडला.

सुधीर म्हणतो, आता स्वार भराभर मरतील. मरू देत.

मेधाच्या जागी तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.