तलवार खाली ठेवा

"कपाळ टेकव. अजून खाली. लादीला लागलं पाहिजे."

सर मला सांगत होते. उल्हासनगरातला आमचा जपानी भाषेचा क्लास. बाकं भिंतीला सरकवून वार्षिक कार्यक्रमाच्या नाटकाची तालीम चालली होती. रोहन समुराई, कमरेला लाकडी तलवार. मी कातडं कमावणारी, म्हणजे जपानातली अस्पृश्य. समुराईच्या चिलखताचं कातडं माझ्या हातचं, पण तो रस्त्याने निघाला की मी मातीत तोंड घालायचं.

हे रोल कसे वाटून दिले ते सांगते. पहिल्याच दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं होतं. त्यावरून कळेना, म्हणून गाव विचारलं. तरी कळेना. मग हसत म्हणाले, "घरात फोटो कोणाचा लावता?" मी सांगितलं. आम्ही बौद्ध. सरांचं समाधान झालं. रोहन बदलापूर गावातला, जमीनवाल्यांच्या घरातला. त्याला तलवार, मला कातडं. "तुला नॅचरली जमेल," असंही वर म्हणाले. अख्खा क्लास हसला.

मी गिळलं. जपानमधल्या वृद्धाश्रमात नोकरी मिळणार होती, आणि इंटरव्ह्यूला कोणाचं नाव पाठवायचं ते सर ठरवणार होते. अंबरनाथची पप्पांची कंपनी बंद पडलेली. घरातले सगळे माझ्याकडे डोळे लावून बसलेले.

पण समुराईची गोष्ट तलवारीवर संपत नाही, हे सरांनीच शिकवलं होतं. पुढे राजवट बदलली. समुराईला तलवार सोडावी लागली, डोक्यावरचा बुचडा कापावा लागला. कोणी पोलीस झाला, कोणी मास्तर, कोणी कारकून. कातडंवाल्यांना कायद्याने बरोबरीचं केलं, लोकांच्या मनातून मात्र विटाळ गेला नाही. नाटकाचा शेवटचा प्रवेश हाच होता. सरांनी तो कापला. "तलवारीवर संपवू. पब्लिकला तेच आवडतं."

मी गुडघ्यावर बसले. रोहनचे बूट नाकासमोर.

"जल्दी कर ना यार," तो म्हणाला. "नाटकच तर आहे."

"नाटकच आहे तर तू वाक."

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "शेवटचा प्रवेश होणार असेल तरच मी वाकेन."

सर जवळ आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इंटरव्ह्यूला जायचंय ना तुला?"

संताप इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. विनंती कशी करायची त्या धड्यातलं वाक्य तोंडातून निघालं.

"कताना ओ ओइते कुदासाई."

कृपया तलवार खाली ठेवा. रोहनकडे नाही, सरांकडे बघून म्हणाले.

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पहिल्या बाकावर बसले. क्लास सुरू होताना सगळे उभे राहून कमरेतून वाकतात, ती तिकडची रीत आहे. मीही वाकले. सगळे वाकतात तेवढीच. सर बघत राहिले, पण बाहेर हो म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

माझं नाव अजून पाठवलेलं नाही. न पाठवोत. भाषेची परीक्षा मी देणार, अर्ज दुसरीकडून करणार. आणि तिकडे जपानातही कोणी माझं खानदान विचारून मला लादी दाखवली, तर हेच वाक्य त्याच्याच भाषेत, त्याच्या डोळ्यांत बघून सांगणार.