पडद्यामागची माय

आता चित्रं स्वतःच बोलतात, म्हणून लोकांना बोलपटाचं भारी कौतुक. बोलोत बापडी. मुक्या चित्रांना माझा भाऊ गिरधर बोलतं करायचा, त्याची सर यांना कुठून येणार? नंदुरबारच्या तंबूत तो पडद्याजवळ काठी घेऊन उभा राही आणि देवाधर्माची गोष्ट आमच्या अहिराणीत सांगे. पडद्यापुढे पुरुष, मागे आम्ही बायका. आम्हाला चित्र उलटं दिसे, देवसुद्धा डाव्या हाताने आशीर्वाद देई. पण पुण्य तेवढंच, असं आम्ही धरून चालायचो.

हा साऱ्या मुलखाला धर्म सांगे आणि स्वतः सहा वर्षं आमच्या गावी, कोरीटला, घरी आला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. वडील वारले तेव्हा त्याला निरोप गेला होता, पण तंबूचा मुक्काम तेव्हा अक्कलकुव्याला, आणि तो गच्च भरलेला. त्याने खेळ पुरा केला, आणि येईपर्यंत चिता विझली होती. आईने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. तेच त्याला लागलं. शरमेने निघाला तो निघालाच.

एका दिवाळीनंतर नवं चित्र आलं. आईला टाकून गेलेला मुलगा शेवटी तिच्या पाया पडतो, अशी गोष्ट. मी आईला फक्त देवाचं चित्र आहे म्हणाले आणि बैलगाडीत बसवलं. गिरधरलाही कळवून ठेवलं, की माय पडद्यामागे बसणार आहे. तंबूत त्याचा आवाज आला तशी आईने माझा हात घट्ट धरला, पण उठली नाही.

पडद्यावरचा मुलगा पाया पडला. एरवी गिरधर लगेच सांगे, की आईने माफ केलं, देवानेही केलं. त्या दिवशी त्याचा आवाजच फुटेना. चित्र पुढे सरकत होतं, लोक चुळबुळू लागले. मग तो हळूच म्हणाला,

"माय काय बोलनी, माले माहित नही."

नसता उद्योग केला, असं मला वाटलं. तेवढ्यात शेजारून आई बोलली, साऱ्या तंबूला ऐकू जाईल इतकं मोठ्याने.

"ती बोलनी, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी. घर चाल."

पुरुषांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, तंबूवाल्याने आईचं बोलायला नवी बाई लावली. दुसऱ्या दिवशी म्हणे लोक मालकाला विचारत होते, पडद्यामागची माय आज आहे का. तो काय सांगणार? ती कोरीटला चुलीपुढे बसली होती आणि समोर गिरधर मान खाली घालून जेवत होता. तिसरी भाकरी तिने न विचारताच वाढली, तेव्हा तो रडला. आम्हीही रडलो.