बांधाकडचं हिरवं झाड

आटपाडीच्या रस्त्याकडेला कडुलिंबाची जी रांग उभी आहे, ती तात्याबांच्या हातची. तरुणपणी ते वनखात्याच्या रोजंदारीवर होते. बैलगाडीत पाण्याचं पिंप ठेवायचं आणि रोपागणिक घागर रिती करत जायचं, हेच काम. ते काम सुटून जमाना झाला, पण हाताची खोड काही गेली नाही. तांब्यात घोटभर पाणी उरलं तरी ते झाडाच्या बुडाशीच जायचं. पाहुणा अंगणात चूळ भरायला उभा राहिला, की "तिकडं, कढीपत्त्यात" म्हणून त्यालाही दामटायचे.

अशा माणसाच्या सुनेनं डाळिंबाच्या बागेचं पाणी तोडलं.

अंजना काही दुष्ट नव्हती. डाळिंबाचं झाडच नाठाळ. सतत पाणी मिळालं की नुसतं पाल्यानं माजतं. बहार धरायचा तर पाणी बंद ठेवून त्याला ताण द्यावा लागतो. पानं पिवळी पडून गळतात, काडीत अन्न साठतं आणि मग पाणी सोडलं की कळी निघते. बागेचा हा पहिलाच बहार. अंजनाचा नवरा दादासो गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला दूर कोइमतूरला. त्यानं फोनवर सरळ सांगितलं होतं, "बाग लागली तर मी दुकान सोडून गावाकडं येतो. न्हाई लागली तर घराला कुलूप लावा आन् तुमी दोघं हिकडं या." गाव सोडायचं तात्याबांच्या मनातच नव्हतं; कोइमतूरचं नाव काढलं की ते उठूनच जायचे.

तरीही सुकती बाग त्यांना बघवेना. "आवं मामा, तिकडं बघूच नका," अंजना म्हणायची. पण बांधाकडचं एक झाड नेमकं त्यांच्या बाजेसमोर. एका दुपारी ती बाजाराला गेली आणि यांनी तांब्याभर पाणी त्याला घातलं. तांब्याची कळशी व्हायला कितीसा वेळ लागतो? सून जरा आडवी झाली, की म्हातारा कळशी घेऊन निघालाच.

सगळी बाग पानं टाकून काटक्यांची झाली, आणि हे एकटं हिरवंगार. तिथल्या ठिबकच्या नळीचा कॉक झिरपतोय समजून अंजनानं नवा बसवला. झाड तसंच. तेव्हा मात्र तात्याबा घाबरले. ओल शेजारच्या मुळांना गेली असली तर? आपल्या मायेपायी सगळा बहारच बुडाला तर? बोलायची हिंमत होईना. कळशी त्यांनी त्याच दिवशी माळ्यावर टाकली.

छाटणी झाली, शेणखत पडलं. जानेवारीत अंजना म्हणाली, "मामा, पैलं पाणी तुमीच सोडा." त्यांनी मोठा कॉक फिरवला. त्यानंतर रोज सकाळी ते बागेत. पालवी फुटली, पण नुसतीच पालवी. त्यांना घास गोड लागेना.

एके दिवशी एका फांदीला लालसर टोक दिसलं. डाळिंबाची कोवळी पालवीही लालसरच असते, म्हणून त्यांनी ते बोटानं चाचपलं. टणक लागलं. कळीच! पुढच्या झाडाला होती, त्याच्या पुढच्यालाही. तात्याबा तिथंच मटकन बसले आणि खुशाल रडले.

अंजना धावत आली. "काय झालं, मामा?"

"लागली गं बाई! बाग लागली!"

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग हसत बांधाकडं बोट केलं. ते झाड पाल्यानं गच्च झालं होतं आणि कळी एकही नव्हती. "तेवढं एक ऱ्हायलं. लय लाड झालं त्याचं."

"तुला ठावं हुतं?"

"कॉक बदलला तवाच. कळशीच्या बुडाला चिखल हुता की."

"मग बोलली का न्हाईस?"

"एका झाडानं बाग बुडत न्हाई, मामा. तुमी जेवत नव्हता ते कोइमतूरच्या धास्तीनं, आसं वाटलं मला; त्याचाच घोर लय हुता. फुडच्या सालीबी ते झाड तुमचंच. घाला पाणी."

तात्याबांना इतकं हायसं वाटलं, की उठायचंही भान राहिलं नाही. अंजनानं दादासोला फोन लावला, बातमी सांगितली आणि फोन त्यांच्या कानाला धरला.

"ये रं लेका," तात्याबा म्हणाले. "कुलूप तिकडं लाव."