फिलूच्या सासूची पेज

"...म्हणूनच पादरीने फिलूचं कोमुन्यांव बंद केलंय. सासूच्या पेजेत म्हणे तिने..."

एवढंच माझ्या कानावर पडलं. विहिरीवर कातरीन बोलत होती. मला येताना पाहिलं आणि गप्प झाली. पुरी बातमी असती तर मी एका घरी सांगितली असती. अर्धी होती, म्हणून पुरी करून घ्यायला दोन घरी नेली. गिरगावातली आमची ही किरिस्तावांची वाडी, बारा घरं, एक विहीर, एक क्रूस. गोष्टी साठायला आणखी काय लागतं? त्यात फिलूची नि माझी भिंत एकच, त्यामुळे तिच्या गोष्टी माझ्याकडेच जास्त साठल्यात.

फिलूचा नवरा इनास आगबोटीवर. वर्षातून दोनदा घरी. मागे तीन पोरं, शिवणकाम आणि अंथरुणाला खिळलेली सासू.

*

फिलूला संतांच्या गोष्टी वाचायचा नाद. एकदा धुण्याचा पिळा झटकत मला म्हणाली, "मावशी, सगळे संत रानात नाहीतर मठात. सासूचं अंथरूण धुणारा एकही सापडत नाही."

"असतील गं," मी म्हटलं.

"असतील. बसून कुणाला सांगायला वेळ मिळाला नसेल."

*

मे महिन्यात संध्याकाळी क्रूसापाशी जपमाळ होते. फिलू पुढे एकेक नाव घेते, आम्ही मागे "आमच्यासाठी विनंती कर" म्हणतो. दिवसभर राबलेली माणसं, निम्म्यांचे डोळे मिटलेले.

"पहाटेच्या ताऱ्या."

"आमच्यासाठी विनंती कर."

"आजाऱ्यांच्या आधारा."

"आमच्यासाठी विनंती कर."

"जुजे, बघ रे, दूध उतू चाललंय."

"आमच्यासाठी विनंती कर," वीस तोंडांनी एका सुरात.

तिचा पोरगा जुजेसुद्धा त्यातच. दूध गेलं. फिलूने पुढचं नाव घेतलं.

*

यंदा उपासाच्या चाळीस दिवसांत तिने नेम केला, दुपारी बाराची घंटा होईपर्यंत कुणावर चिडायचं नाही. पोरांना ते कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून सगळे उद्योग सकाळीच उरकायला लागली. देवळात बाराची घंटा झाली की तिघंही माझ्या खाटेखाली.

*

पण ती विहिरीवरची गोष्ट मला सोडेना. फिलू सहा रविवार कोमुन्यांव घ्यायला, म्हणजे प्रभूची पवित्र भाकर घ्यायला, उठली नव्हती हे खरंच होतं. ती घ्यायची तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तोंडात जाता कामा नये. आणि मोठं पाप माथ्यावर असलं तर घेता येत नाही. वाडीने यातलं दुसरंच धरलं होतं. आता पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण चार दिवसांवर आला. त्या दिवशीही फिलू बाकावरच बसून राहिली असती, तर तिचं नाव कायमचं गेलं असतं. मी सरळ विचारलं.

"विसरते मावशी," ती सुई ओवत म्हणाली. "पहाटे आईंची पेज करते, आणि सवयीने चमचा आधी माझ्याच तोंडात जातो. मग झालं, उपास मोडला."

"लोक काय बोलतात माहीत आहे का?"

"माहीत आहे." सुईत दोरा जाईना. "पास्काला तरी उठायचंय हो मला."

दोन घरची गोष्ट मी काढली नाही.

*

पास्काच्या रविवारी पहाटे मी तिच्या हातातून पेजेचं भांडंच काढून घेतलं. "पोरांना घेऊन पुढे हो. म्हातारीला भरवते आणि मागून येते."

पेज मनगटावर टाकून पाहिली. चांगली निवली होती. चमचा पुढे केला तर म्हातारीने ओठ घट्ट मिटले.

"आधी तू घे."

"निवलीय हो, आई."

"एकदा जीभ भाजलीय माझी. फिलू माझ्यासमोर घेते, मग मी."

"रोज?"

"रोज."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारी मला भूक लागत नाही होय?"

म्हणजे कातरीनची बातमी पेजेपुरती खरी होती. पादरीने काही बंद केलं नव्हतं. आणि फिलू काही विसरतही नव्हती.

देवळात दुसरी घंटा झाली. म्हातारीची नजर चमच्यावर. मी तो तोंडात घातला, गिळला, आणि तिला दाखवायला तोंड उघडलं. मग तिने वाटीभर पेज संपवली.

मी पोचले तेव्हा फिलू वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून होती. आमच्या बाकावरच्या बाया एकेक करून उठल्या. मी बसून राहिले. परत येताना कातरीन माझ्याजवळ वाकली.

"तू का गं नाही उठलीस?"

"पेजेत मीठ कमी होतं," मी म्हटलं.