करडई म्हणून नेलेला मुळा

नोकरीतून मोकळा झाल्यावर नांदेडजवळ विष्णुपुरीच्या घरामागं मी भाजीचे वाफे केले. थंडीत करडई आणि मुळा इतका आला, की शेजारीही नको म्हणायला लागले. मग मी पाला निवडून, चिरून, उकळत्या पाण्यातून काढून, गार पाण्यात टाकून, पिळून पिशव्यांत भरला आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात रचून ठेवला. बायको म्हणाली, "पिशव्यांवर नावं तरी टाका." मी म्हणालो, "मी लावलेली भाजी मला ओळखू येणार नाही का?"

लातूरला माझी मोठी बहीण असते, मुलाकडं. आम्ही तिला अक्का म्हणतो. उन्हाळ्याच्या तोंडाला तिला कावीळ झाली. बरी झाली, पण अन्नावरची वासना उडाली. भेटायला गेलो तेव्हा तिचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, तिथंच बसलेले. अक्का हळूच म्हणाली, "करडईची भाजी अन् भाकर खावी वाटायलीय बघ."

व्याही हसले. "आता वैशाखात कुठली करडई?"

"माझ्याकडं आहे," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण भाजी कशी साठवायची, तिचा हिरवा रंग कसा टिकतो, यावर मी त्यांना अर्धा तास ऐकवलं. अक्कानं आयुष्यात कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. तिची ही पहिली मागणी आपण पुरी करणार, याचाच मला जास्त आनंद झाला होता.

पुढच्या रविवारी बर्फाच्या डब्यात एक पिशवी घालून मी एसटीनं लातूर गाठलं. व्याही मुद्दाम जेवायला थांबले होते. सुनेनं लसणाची फोडणी दिली, भाजी टाकली, आणि घरभर वास सुटला. सून दारात आली. "मामा, मुळ्याचा पाला वाटायलाय हो."

मला वास आला होता. तरी मी म्हणालो, "करडईच आहे. साठवलेली आहे ना, थोडा वास लागतो."

ताटं वाढली. व्याह्यांनी घास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "फ्रिजमधी ठेवल्यावर करडईचा मुळा होतो का हो?" सगळे हसले. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

अक्कानं भाकरीच्या तुकड्यानं भाजी उचलली, सावकाश चावली. "करडईच हाय," ती म्हणाली. "लई चांगली झालीय."

हसणं थांबलं. ती ताटातली सगळी भाजी संपवेपर्यंत मी मान वर केली नाही.

नांदेडला आल्या आल्या मी उरलेल्या सगळ्या पिशव्या ओट्यावर काढल्या. बर्फ सुटला तशी बायकोनं एकेक हुंगली. एकच करडई निघाली. "ही," एवढंच ती म्हणाली. ती पिशवी घेऊन मी सकाळची पहिली गाडी पकडली.

दुपारी अक्कापुढं खरी करडई आली. तिनं दोन घास खाल्ले, तिसऱ्याला पाणी प्याली. सून आत गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, कालचा मुळा होता."

"मला नाक न्हाई व्हय?"

"मग करडई कशाला म्हणालीस?"

"एवढ्या उन्हात डबा मांडीवर घेऊन आलास. त्या माणसापुढं तुझं तोंड एवढंसं झालं होतं." तिनं ताट बाजूला सारलं. "ऱ्हाऊ दे आता. कुणाला सांगत बसू नको."

मी नाही सांगितलं. खरं सांगायचं तर, तिनं तसं म्हटल्यावर मला हायसंच वाटलं.

पावसाळ्यात उदगीरला एका लग्नात व्याही भेटले. पंगतीत माझ्या शेजारी बसले आणि पलीकडच्या पाहुण्यांना सांगायला लागले, "आमच्या विहीणबाईंचं आता काही खरं न्हाई. मुळा अन् करडई कळंना झालीय त्यांना. एक जमाना होता, पन्नास माणसांचा सैपाक अंदाजानं मीठ घालून करायच्या." पाहुणे हळहळले.

समोर वाढलेला भात गार होऊन गेला. नुसत्या वासावरून डाळ लागली की नाही हे सांगणारी माझी बहीण. तिच्याविषयी लोक पंगतीत हे बोलत होते.

"तिला कळलं होतं," मी म्हणालो. "मुळा होता हे अक्काला पहिल्या घासालाच कळलं होतं. मला ओळखू आला नव्हता. मला झाकायला ती करडई म्हणाली."

व्याह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बहिणीचा भाऊ म्हणून असं म्हणायलाच पाहिजे तुम्ही," ते मायेनं म्हणाले आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानात वरण घालायला लावलं.